कांजिण्या आयुष्यात एकदाच येतात, मग सर्दी दर पावसाळ्यात का येते?

खानापूरच्या बाई

मी खानापूर तालुक्यातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत सहावीला विज्ञान शिकवते. होळीच्या सुमारास आमच्या गावात कांजिण्यांची साथ आली आणि आठवड्याभरात वर्गातील नऊ मुले घरी बसली. खपल्या पडल्यावर ती परत आली, तेव्हा त्यांच्यापैकी एकाने उभे राहून विचारले, "बाई, आजी म्हणते की कांजिण्या एकदा येऊन गेल्या की पुन्हा येत नाहीत. मग सर्दी मला दर पावसाळ्यात कशी येते? तिलाही एकदाच यायला काय झाले?"

पांढऱ्या पेशी सैनिकांप्रमाणे लढतात, हे नेहमीचे उत्तर मी दिले. त्यावर तो म्हणाला, "म्हणजे आमचे सैनिक कांजिण्यांपुढे शूर आणि सर्दीपुढे भित्रे आहेत का?" तेवढ्यात घंटा झाली म्हणून माझी सुटका झाली. सैनिकांची उपमाच कुठेतरी अपुरी पडते आहे, असे मला तेव्हापासून वाटते. शरीर जंतूंपासून बचाव कसा करते आणि एका रोगाची ओळख जन्मभर टिकते तर दुसऱ्याची का टिकत नाही, हे अकरा वर्षांच्या मुलांना त्यांच्या रोजच्या जगातील दाखल्यांनी कसे सांगावे, याबद्दल जाणकारांनी लिहावे. परभाषेतील अवघड शब्द कमी असावेत ही विनंती आहे, कारण आमच्या मुलांवर मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तीन भाषांचा भार आधीच आहे.

निपाणीकर

बाई, कांजिण्या म्हणजे गावात एकच असलेला सावकार आहे. त्याला एकदा पाहिले की पुढच्या वेळी लांबूनच ओळखून दार लावून घेता येते. सर्दी म्हणजे लग्नसराईतले पाव्हणे आहेत. दर वेळी नवाच चेहरा दारात उभा राहतो, "मी तुमच्या मावशीच्या नणंदेचा दीर" असे सांगतो आणि चार दिवस मुक्काम ठोकतो.

सूक्ष्मदर्शक

मी बेळगावात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो. निपाणीकरांनी विनोद केला असला तरी निम्मे उत्तर त्यातच आले आहे.

कांजिण्यांना कारणीभूत असणारा विषाणू एकच आहे आणि तो आपले रूप फारसे बदलत नाही. सर्दी हा मात्र एक रोग नसून अनेक रोगांना आपण दिलेले एक नाव आहे. सर्दीच्या विषाणूंतील ऱ्हायनोव्हायरस या एकट्या घराण्याचेच १६० हून अधिक प्रकार आहेत आणि त्याशिवाय इतर घराणी वेगळी. तुमच्या विद्यार्थ्याला गेल्या पावसाळ्यात झालेली सर्दी आणि या पावसाळ्यात झालेली सर्दी या बहुधा दोन निरनिराळ्या विषाणूंच्या होत्या. पहिल्याची ओळख दुसऱ्याच्या कामी आली नाही, इतकेच. लहान मुलांना वर्षातून सहा ते आठ वेळा आणि मोठ्यांना दोन-तीन वेळा सर्दी होते, यामागेही हेच कारण आहे. वाढत्या वयाबरोबर ओळखी वाढत जातात.

दुसरे कारण वेळेचे आहे आणि ते सहसा कोणी सांगत नाही. कांजिण्यांचा विषाणू शरीरात शिरल्यापासून पुरळ उठेपर्यंत दहा ते एकवीस दिवस जातात. जुनी ओळख जागी होऊन कामाला लागायला दोन-चार दिवस पुरतात, त्यामुळे दुसऱ्या खेपेला विषाणू आत आला तरी पुरळ उठण्याआधीच त्याचा बंदोबस्त होतो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. सर्दीचा विषाणू नाकातल्या नाकात एक ते तीन दिवसांत आपले काम उरकतो. तेथे ओळख असली तरी ती जागी होईपर्यंत नाक वाहू लागलेले असते, शिवाय नाकाच्या अस्तरातील संरक्षण लवकर ओसरते.

ओळख किती टिकते, याचा एक सुंदर पुरावा उत्तर अटलांटिक महासागरातील फेरो बेटांवर मिळाला. तेथे १७८१ नंतर गोवर आलाच नव्हता. १८४६ मध्ये तो पुन्हा आला तेव्हा सुमारे ७,८०० वस्तीपैकी ६,००० च्या आसपास लोक आजारी पडले. पीटर पानुम हा तरुण डॅनिश डॉक्टर घरोघर फिरला, तेव्हा त्याच्या लक्षात आले की ज्या म्हाताऱ्यांना १७८१ मध्ये गोवर येऊन गेला होता, त्यांच्यापैकी कोणालाच तो पुन्हा आला नाही. पासष्ट वर्षे त्या बेटांवर गोवराचे नावही नव्हते आणि तरी शरीर विसरले नव्हते.

वडगावचा मागवाला

माझे शिक्षण बारावीपर्यंतच झाले असून धंदा यंत्रमागाचा आहे, म्हणून प्रश्न बाळबोध वाटल्यास सांभाळून घ्यावे. शरीराने जो जंतू कधी पाहिलेलाच नाही, त्याच्यासाठी नेमके जुळणारे प्रतिपिंड, म्हणजे जंतूला चिकटून त्याला निकामी करणारा पदार्थ, ते पहिल्या खेपेला तयार कसे करते?

आमच्या धंद्यात दोन तऱ्हा आहेत. एकीत व्यापारी नमुना आणून देतो आणि आम्ही त्याबरहुकूम साडी विणतो. दुसरीत आम्ही आमच्याच मनाने वीस-पंचवीस नमुने विणून त्याच्यापुढे टाकतो. तो सगळी चळत उलथीपालथी करतो, एका साडीवर बोट ठेवतो, आणि मग तेवढ्याच नमुन्याची शंभर नगांची ऑर्डर मिळते. शरीर यांपैकी कोणत्या तऱ्हेने चालते?

सूक्ष्मदर्शक

मागवालेसाहेब, हा प्रश्न बाळबोध तर नाहीच, उलट विसाव्या शतकातील मोठमोठ्या शास्त्रज्ञांना त्याने झुलवले आहे. लायनस पॉलिंग यांच्यासारख्या थोर रसायनशास्त्रज्ञाने १९४० मध्ये तुमची पहिली तऱ्हा मांडली होती, म्हणजे जंतू हाच साचा आणि त्यावर प्रतिपिंड बेतले जाते. पुढे १९५७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या मॅकफार्लेन बर्नेट यांनी दुसरी तऱ्हा मांडली आणि तीच खरी ठरली. आपल्या रक्तात आणि गाठींमध्ये कोट्यवधी बी पेशी, म्हणजे प्रतिपिंडे बनवणाऱ्या पांढऱ्या पेशी असतात, प्रत्येकीचा नमुना वेगळा असतो, आणि हे सगळे नमुने जंतू येण्याच्या आधीच विणून तयार असतात. जंतू आला की त्याला ज्या पेशीचा नमुना चिकटतो तेवढीच पेशी भराभर वाढते. पहिल्या खेपेला एक-दोन आठवडे लागतात ते या निवडीला आणि वाढीला. काम संपल्यावर बहुतेक पेशी मरतात, पण काही थोड्या वर्षानुवर्षे शिल्लक राहतात. त्यांनाच आपण स्मृतिपेशी म्हणतो.

आता तुम्ही पुढचा प्रश्न विचाराल, की मर्यादित जनुकांतून कोट्यवधी नमुने निघतात कसे. त्याचे उत्तर तुमच्या मागावरच आहे. काठाचे दहा प्रकार, पदराचे दहा आणि अंगाचे दहा रंग असले तर हजार साड्या होतात. बी पेशी आपल्या जनुकांचे तुकडे अशाच तऱ्हेने निवडून जोडतात. सुसुमु टोनेगावा यांनी हे दाखवून दिले आणि त्यांना १९८७ चे नोबेल मिळाले.

एका ठिकाणी मात्र शरीर तुमच्याही पुढे जाते. ऑर्डर चालू असतानाच ते नमुन्यात बारीक फेरफार करत राहते आणि जंतूला अधिक घट्ट चिकटणारे नमुने वेचून पुढे नेते, त्यामुळे शंभरावी साडी पहिलीपेक्षा सरस निघते.

वडगावचा मागवाला

आमच्याकडे शंभराव्या साडीपर्यंत सूत संपत आलेले असते, त्यामुळे उलट घडते.

अनगोळचा वीजग्राहक

इतके माग रात्रंदिवस चालवायचे म्हटल्यावर त्यांचे वीजबिल कोण भरतो, हेही सरांनी सांगावे.

सूक्ष्मदर्शक

रोगी भरतो. शरीराचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढले की एकूण ऊर्जाखर्च दहा ते बारा टक्क्यांनी वाढतो. तापात अंग गळून जाते त्यामागचे हे एक कारण आहे. हा खर्च वाया जात नाही, कारण वाढलेल्या तापमानात अनेक जंतूंची वाढ मंदावते आणि आपल्या पेशींची हालचाल वाढते. म्हणून साधा ताप आला की लगेच घाबरून जाण्याचे कारण नसते. मात्र तान्हे बाळ, फार चढलेला किंवा तीन दिवसांत न उतरणारा ताप, यांत डॉक्टरांना दाखवण्यात चालढकल करू नये.

निवृत्त कंपाउंडर

आपण सर्वजण थेट स्मृतीवर उडी मारत आहात, पण तिच्या आधी बरेच काही घडते आणि बाईंच्या मुलांनी ते स्वतःच्या अंगावर पाहिलेले आहे. चाळीस वर्षे दवाखान्यात पट्ट्या बांधताना मी ते रोज पाहिले.

पावसाळ्यात अनवाणी फिरणाऱ्या पोराच्या तळव्यात बाभळीचा काटा मोडतो. दुसऱ्या दिवशी ती जागा लाल होते, हाताला गरम लागते, सुजते आणि ठसठसते. तिसऱ्या दिवशी पू धरतो. त्याच सुमारास जांघेत सुपारीएवढी दुखरी गाठ येते आणि पोर लंगडू लागते. घरातील म्हातारी माणसे हात लावून सांगतात, "अवधाण आले आहे, पायाला काही लागले असेल." या एका काट्यात सगळा धडा आहे. कातडी हा पहिला बांध असतो आणि तो काट्याने फोडलेला असतो. लाली आणि सूज ही तेथील रक्तवाहिन्या सैल होऊन पांढऱ्या पेशींना वाट करून देतात त्याची खूण असते. पू म्हणजे जंतू गिळून मेलेल्या पेशींचा ढीग असतो. या पेशी ओळखपाळख पाहत नाहीत, जे परके दिसेल त्यावर तुटून पडतात. आणि जांघेतील गाठ म्हणजे मागवाल्यांचा व्यापारी साड्यांची चळत उलथीपालथी करतो ती जागा आहे. जंतूंचे तुकडे तेथे आणून दाखवले जातात, नमुने पसरले जातात आणि निवड होते. पेशी तेथे वाढू लागतात म्हणून गाठ फुगते.

गंमत अशी की हे गिळणे प्रथम ओळखले गेले तेही काट्यामुळेच. इल्या मेचनिकोव्ह या शास्त्रज्ञाने १८८२ मध्ये इटलीतील मेसिना येथे तारामाशाच्या पारदर्शक पिल्लात गुलाबाचा काटा खुपसून ठेवला आणि सकाळी पाहिले तर काट्याभोवती पेशी गोळा झालेल्या होत्या. त्याला १९०८ चे नोबेल पॉल एर्लिख यांच्याबरोबर विभागून मिळाले.

शंकेखोर

हे सगळे वाचून ज्ञानात भर पडली, परंतु आपण साध्या गोष्टी विसरत आहोत असे वाटते. आमच्या घरी पावसाळा लागला की तुळस, आले, मिरी आणि गुळवेल यांचा काढा होतो आणि प्रतिकारशक्ती वाढते असा आमचा तीन पिढ्यांचा अनुभव आहे. माझे आजोबा ब्याण्णव वर्षे जगले. मुलांना पेशींच्या गोष्टी सांगण्यापेक्षा शक्ती वाढवायला शिकवावे.

सूक्ष्मदर्शक

आजोबांना नमस्कार. काढ्याने घशाला आराम पडतो, हे मीही मान्य करतो आणि घरी पितोही. माझा आक्षेप 'शक्ती वाढवणे' या शब्दांना आहे. शक्ती म्हटले की आपल्याला टाकीतले पाणी आठवते आणि पातळी वाढली की चांगलेच, असे वाटू लागते. येथे टाकी नसते. गोवराची ओळख गालगुंडाला उपयोगी पडत नाही, आणि ज्याला परागकणांची ॲलर्जी आहे किंवा ज्याचे सांधे स्वतःच्याच पेशींनी सुजवले आहेत, त्याच्याकडे प्रतिकार कमी नसून भलत्या जागी झालेला असतो. अशा माणसाला आम्ही तो दाबण्याची औषधे देतो.

मात्र उपासमार झाली, झोप कमी पडली, प्रथिने, जस्त किंवा अ जीवनसत्त्व अपुरे पडले तर हे सगळे कारखाने मंदावतात, यात शंका नाही. गोवर झालेल्या मुलाला अ जीवनसत्त्वाचे डोस देतात ते त्याचसाठी. भाकरी, डाळ, अंडे, पालेभाजी आणि रात्रीची पुरेशी झोप यांना मात्र कोणी जाहिरातीत दाखवत नाही.

शंकेखोर

टाकीचा मुद्दा पटला. काढा मात्र चालूच राहील.

गोठ्यातून

माझ्याकडे अकरा जनावरे आहेत आणि मला या विषयातील एवढे एकच नक्की माहीत आहे, की चीक वेळेवर पाजला नाही तर वासरू हाती लागत नाही.

गेल्या महिन्यात रात्री दोन वाजता एक गाय व्याली. वासरू अर्ध्या तासात उठायला धडपडू लागले, पण पाय फाकत होते आणि सड तोंडात येत नव्हता. मी चीक पितळी तांब्यात काढला. तो मधासारखा पिवळा आणि इतका दाट होता की धार पडताना आवाजच होत नव्हता. मग बोट वासराच्या तोंडात घालून, ते बोट चोखू लागल्यावर तोंड हळूच भांड्यात बुडवले. घरातली माणसे सकाळी खरवसाची वाट पाहत होती. आमची शेजारीण कन्नड आहे, ती त्याला गिण्णू म्हणते आणि वाटी घेऊन दारात आली होती. मी सांगितले की पहिला चीक वासराचा, उरला तर आपला. पशुवैद्यांनी मला कारण सांगितले होते, पण ते नीट समजले नव्हते. सरांनी सांगावे. आणखी एक विचारतो, खरवस खाऊन माणसाला ती शक्ती मिळते का?

सूक्ष्मदर्शक

पहिला चीक वासराचा, हे अगदी योग्य केलेत. गाईच्या वारेतून प्रतिपिंडे पोटातल्या वासराकडे जात नाहीत, त्यामुळे ते जवळजवळ कोऱ्या पाटीने जन्मते. आईने आयुष्यभर जमवलेली प्रतिपिंडे चिकात असतात आणि वासराचे आतडे ती जशीच्या तशी रक्तात घेऊ शकते, मात्र जेमतेम पहिल्या चोवीस तासांपुरते. पहिल्या काही तासांत ही वाट सर्वांत मोकळी असते आणि तासागणिक ती बंद होत जाते. माणसात आईची प्रतिपिंडे वारेतूनच बाळाच्या रक्तात पोचतात, आणि आईच्या पहिल्या पिवळसर दुधात वेगळी प्रतिपिंडे असतात, जी आतड्याच्या अस्तरावर पहारा देतात. म्हणून पहिले दूध पिळून टाकण्याची जुनी रीत फार घातक होती.

खरवसाचे म्हणाल तर तो वाफवताना प्रतिपिंडे शिजतात आणि उरलीसुरली आपल्या पोटात पचतात. तो गोड लागतो म्हणून खावा.

मागवाल्यांच्या भाषेत बोलायचे तर ही उसनी आणलेली साडी असते. लगेच नेसता येते, पण परत जाते. माणसाच्या बाळात आईची प्रतिपिंडे काही महिन्यांत संपतात. गोवराची लस जन्मतः न देता नवव्या महिन्यानंतर देतात, त्याचेही हेच कारण आहे. आईची प्रतिपिंडे शिल्लक असताना लस दिली तर तीच लसीतला विषाणू पकडून टाकतात आणि बाळाची स्वतःची ओळख घडतच नाही.

जांबोटीचा पाऊस

उसन्या साडीवरून एक कडू अनुभव सांगतो. आमच्या वाडीतल्या एका मुलाला पिसाळलेले कुत्रे पोटरीला कडकडून चावले. घरच्यांनी आधी जखमेत तिखट भरले आणि मग जवळच्या एका दवाखान्यात नेले. तेथे दंडात लस दिली आणि उरलेल्या तारखा लिहून घरी पाठवले. एका ओळखीच्या परिचारिकेने जखम पाहून सांगितले की एवढ्या खोल चाव्याला जखमेतच तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन भरावे लागते, म्हणून त्याच रात्री जीप करून बेळगावला गेलो. मुलगा आज ठणठणीत आहे. दंडातली लस असताना हे दुसरे इंजेक्शन कशासाठी, हे मला त्या वेळी कोणी सांगितले नाही आणि आज या धाग्यावर समजले.

निवृत्त कंपाउंडर

लसीमुळे मुलाची स्वतःची प्रतिपिंडे तयार व्हायला सात ते चौदा दिवस लागतात आणि तोवर विषाणूला जखमेतच रोखून धरायला उसनी प्रतिपिंडे लागतात. एकदा तो मज्जातंतूत शिरून मेंदूपर्यंत पोचला की उपाय जवळजवळ उरत नाही. सर्वांत पहिले काम मात्र घरीच होते. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे जखम धुवावी आणि तिखट, चुना, हळद यांतले काहीही तिला लावू नये.

ऊसतोडीचा हिशेब

हे धागे वाचून पत्नीला तायी कार्ड, म्हणजे दवाखान्यातून मिळणारे आई-बाळाचे नोंदकार्ड, काढायला लावले आणि धाकट्याच्या लशी तपासल्या. आमच्या सासूबाई कोल्हापूरच्या. कन्नडमध्ये तायी म्हणजे आई, हे त्यांना ठाऊक नव्हते. नात झाली तेव्हा दवाखान्यातून 'तायी कार्ड' आणायला सांगितले, तर त्या थोरल्या लेकीला, म्हणजे आमच्या घरातल्या ताईला, शोधत साऱ्या वॉर्डात फिरल्या.

टिळकवाडीचा फिरस्ता

मी रोज सकाळी टिळकवाडीतील व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर फिरायला जातो. मैदानाला हे नाव का, असे नातवाने विचारले तेव्हा मला माझा दंड वर करून दाखवावा लागला. तेथे देवीच्या लशीचे दोन वाटोळे वण आहेत. मुंबई इलाख्याच्या काळात येथे देवीची लस तयार होत असे. त्या काळी ही लस वासराच्या कातडीवर वाढवत.

देवीच्या लशीत देवीचा विषाणू नसतोच, ही गोष्ट मला फार उशिरा कळली. एडवर्ड जेन्नर यांनी १७९६ मध्ये गाईच्या सौम्य देवीचा द्रव एका मुलाला टोचला आणि तो माणसांच्या देवीपासून वाचला. दोन्ही विषाणूंचे चेहरे इतके मिळतेजुळते आहेत की एकाची ओळख दुसऱ्याला पुरते. भारतात पहिली लस १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. ८ मे १९८० रोजी देवी जगातून नाहीशी झाल्याचे जाहीर झाले आणि नातवाच्या दंडावर असा वण नाही. बेळगावात नुसत्या कुंद्याचा अभिमान बाळगू नये, त्या मैदानाचाही बाळगावा.

जांबोटीचा पाऊस

धागा पुन्हा कांजिण्यांकडे नेतो. आईला गेल्या वर्षी कमरेला नागीण झाली. शेजारच्या बायकांनी सांगितले की नागिणीचे तोंड आणि शेपटी जुळली की माणूस दगावतो, आणि आई रोज आरशात वेढा मोजत बसायची. डॉक्टर म्हणाले की ही लहानपणीच्या कांजिण्याच आहेत. मग "एकदाच येतात" हे खरे कसे?

सूक्ष्मदर्शक

डॉक्टरांचे बरोबर आहे. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी तो विषाणू शरीर सोडून जात नाही; पाठीच्या कण्याजवळच्या मज्जातंतूंच्या गाठींत तो झोपून राहतो. टी पेशी, म्हणजे पांढऱ्या पेशींचा आणखी एक प्रकार, त्याच्यावर वर्षानुवर्षे नजर ठेवतात. उतारवयात ती नजर मंदावली की तो एखाद्या मज्जातंतूच्या वाटेने खाली उतरतो. हा मज्जातंतू शरीराच्या एकाच बाजूला असतो, म्हणून पुरळ मध्यरेषेपाशी थांबते आणि तोंड-शेपटी जुळण्याचा प्रश्न सहसा येतच नाही. आईंना हे जरूर सांगा. आणि बाईंच्या विद्यार्थ्याला आजीचे वाक्य थोडे दुरुस्त करून द्यावे लागेल: कांजिण्या सहसा एकदाच *येतात*, पण जात कधीच नाहीत.

निपाणीकर

म्हणजे माझी उपमा चुकली. सावकार माजघरातच झोपलेला आहे.

शंकेखोर

आता माझी एक खरीखुरी शंका. ओळख असणे नेहमी हिताचेच असते, असे या धाग्यावरून वाटते. मग आमच्या भागात डेंगू दुसऱ्यांदा झालेल्यांची प्रकृती अधिक बिघडते, असे डॉक्टर का म्हणतात?

सूक्ष्मदर्शक

उत्तम शंका आहे. डेंगूचे चार प्रकार आहेत. एकाची ओळख त्या प्रकारापुरती टिकते, पण दुसरा प्रकार आला तर जुनी प्रतिपिंडे त्याला अर्धवट चिकटतात. निकामी तर करत नाहीत, उलट ज्या पेशींत त्याला वाढायचे असते त्याच पेशींत त्याला हात धरून नेऊन सोडतात. अर्धवट ओळख अनोळखीपणापेक्षा वाईट, असा हा प्रकार आहे.

गोवराचे दुष्कृत्य आणखी निराळे आहे. तो स्मृतिपेशींवरच हल्ला करतो. नेदरलँड्समधील लस न घेतलेल्या ७७ मुलांचे रक्त गोवराच्या आधी आणि नंतर तपासले, तेव्हा इतर रोगांविरुद्धची त्यांची ११ ते ७३ टक्के प्रतिपिंडे नाहीशी झालेली आढळली. हा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. फेब्रुवारी २०१७ मध्ये कर्नाटकातील शाळांतून गोवर-रुबेलाची मोहीम झाली, तेव्हा मोबाइलवरील अफवा वाचून मुलांना घरी ठेवणाऱ्या पालकांना मला हेच सांगायचे होते, पण तेव्हा हा अभ्यास हाताशी नव्हता.

खानापूरच्या बाई

सर्वांचे मनापासून आभार. वडगावच्या दादांनी बसने पिशवीभर साडीचे तुकडे पाठवले आणि शुक्रवारी मी ते वर्गात पसरले. एका मुलाला जंतू केले आणि त्याच्या हातात जांभळ्या काठाचा एक तुकडा दिला. त्याचा जोड शोधायला मुलांना पहिल्या वेळी सहा मिनिटे लागली. सापडलेला तुकडा मी खिडकीत अडकवून ठेवला. दुसऱ्या वेळी तोच जंतू दारातून आत येताच सगळे खिडकीकडे धावले. मग त्याला हिरव्या काठाचा तुकडा देऊन पुन्हा पाठवले, तर सगळे पुन्हा ढिगाऱ्यात. "म्हणजे सर्दी!" असे तोच मुलगा ओरडला, ज्याने प्रथम प्रश्न विचारला होता.

मात्र त्याने लगेच नवा प्रश्न टाकला: "बाई, नमुने जर डोळे मिटून विणतात, तर एखादा आमच्याच अंगाशी जुळणारा निघत नाही का?" मी सोमवारपर्यंत मुदत मागितली आहे.

सूक्ष्मदर्शक

या मुलाला माझ्या वर्गात पाठवा. असे नमुने निघतात आणि पुष्कळ निघतात. टी पेशी छातीतल्या थायमस ग्रंथीत वाढतात, तेथे त्यांना शरीराचेच पदार्थ दाखवले जातात आणि ज्या त्यांना घट्ट चिकटतात त्या तेथेच मारल्या जातात. बी पेशींची अशीच छाननी अस्थिमज्जेत होते. तरीही काही निसटतात. त्यांना आवरणाऱ्या नियामक टी पेशी वेगळ्या असतात, आणि त्यांच्या शोधाबद्दल २०२५ चे वैद्यकाचे नोबेल मेरी ब्रन्को, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना मिळाले. हा आवर सुटला की स्वादुपिंडाच्या पेशी मारल्या जाऊन लहान मुलांना मधुमेह होतो, किंवा सांधे सुजतात.

निवृत्त कंपाउंडर

बाई, एक राहिले. तुमची मुले अकरा वर्षांची आहेत, म्हणजे दहाव्या वर्षीची धनुर्वात आणि घटसर्पाची लस त्यांना मिळाली आहे का, ते पाहावे. धनुर्वात होऊन बरा झालेल्यालाही तो पुन्हा होऊ शकतो, कारण त्याचे विष इतक्या थोड्या मात्रेत माणसाला लोळवते की शरीराला ओळख करून घेण्याइतके ते दिसतच नाही. येथे आजारपण काही शिकवत नाही, लसच शिकवते. आणि तुमच्या गावात अनवाणी पाय आणि बाभळी दोन्ही आहेत.

खानापूरच्या बाई

काका, नोंदवही पाहिली. अकरा मुलांची राहिली आहे. आशाताईंशी बोलले, त्या परिचारिकेला घेऊन बुधवारी येतील. प्रश्न विचारणारा मुलगाही त्या अकरांत आहे. सुई डाव्या दंडावर देणार असतील तर आपण पहिला उभा राहू, असे त्याने कळवले आहे, कारण गुरुवारी गोट्यांचा सामना आहे.